पाऊण सेकंद

“यंत्र स्वतःच ‘तयार’ म्हणतंय. मग पुढे पाऊण सेकंद थांबायचं कशासाठी, ताई?”

निनाद कोपर्डेने विचारला म्हणून याला प्रश्न म्हणायचं. उत्तर तो घरूनच घेऊन आला होता.

यमुनाताई शेटे खुर्चीत रेलून हसल्या.

“आमचा शिपाईसुद्धा हाक मारली की ‘आलोच’ म्हणतो,” त्या म्हणाल्या. “म्हणून मी लगेच त्याच्या हातात कप देत नाही.”

ताई जन्मापासून अंध. गावातल्या अंधशाळेच्या मागच्या खोलीत त्या बसत. समोर टेबलावर ब्रेल छापायचं जुनं, जाडजूड यंत्र. संगणकाचं म्हणणं त्या यंत्राला कळावं म्हणून मध्ये एक छोटा प्रोग्रॅम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. चौदा शाळांमधली अशी यंत्रं एकाच ड्रायव्हरवर चालत, आणि ताईंनी तपासून ‘हो’ म्हटल्याशिवाय त्यात एक ओळसुद्धा बदलत नसे.

निनाद हा ड्रायव्हर सुधारायला पुण्याहून आलेला प्रोग्रॅमर. हुशार होता, आणि तसं त्याला लहानपणापासून इतक्या जणांनी सांगितलं होतं की बिचाऱ्याचा इलाज नव्हता. अकरा दिवस खपून त्याने ड्रायव्हर साफसूफ केला होता. एका पानाला चाळीस सेकंद लागत, ते एकवीसवर आणले होते. का ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, पण जुना ड्रायव्हर प्रत्येक ओळीला पाऊण सेकंद नुसता थांबून राहत असे. निनादने ते थांबणं काढून टाकलं.

आणखी एक गोष्ट त्याने केली होती. ती ताईंना माहीत नव्हती. उद्या दहाला शाळेतल्या एकतीस मुलांचा भूगोलाचा पेपर होता. ताईंची तपासणी व्हायच्या आधीच, आज सकाळी लवकर येऊन, त्याने सगळ्या प्रश्नपत्रिका नव्या ड्रायव्हरवर छापल्या, पाकिटांत भरल्या आणि पाकिटं कपाटात ठेवून दिली. बदल मंजूर झाला की कपाट उघडून ताईंना चकित करायचं, असा बेत होता.

“तपासलंस कसं?” ताईंनी विचारलं.

“दोनशे बारा चाचण्या. सगळ्या पास.”

“त्या संगणकाने घेतल्या. तू?”

“मीही तपासलं ना! पन्नास पानं छापली, दिव्याखाली धरून एकेक बघितलं. एक ठिपका गळलेला नाही.”

“बघितलंस...”

“अगदी नीट.”

“डोळ्यांनी?”

“मग आणखी कशाने बघणार, ताई?”

ताईंनी टेबलावरच्या यंत्रावर हात ठेवला.

“एरवी तुमचे बदल मला संगणक वाचून दाखवतो,” त्या म्हणाल्या. “आज कानांना सुट्टी देऊ. तुझा बदल मला कागदावर छापून दे. याच यंत्रावर. तुझ्याच ड्रायव्हरने.”

निनादला हे फारच आवडलं. सहा पानं होती. यंत्र खडखडलं आणि दोन मिनिटांत मोकळं झालं.

“ऐकलंत? पूर्वी चार मिनिटं लागली असती!”

“ऐकलं. चहा घे.”

पानं मांडीवर घेऊन ताईंनी पहिल्या ओळीवर बोटं टेकवली. बोटं सरकली, मागे आली, पुन्हा सरकली. मग ताईंना हसू फुटलं. खांदे हलायला लागले.

“काय झालं?”

“बदल कुणी केलाय ते वरती लिहिलंय ना?”

“हो. माझं नाव आहे.”

“दि... द... मग काहीतरी भलतंच... मग आणखी एक द. कुठल्या गावचा रे हा?”

निनादने पान ओढून घेतलं. तिरकं धरलं, उजेडात नेलं, नाकाला लागेल इतकं जवळ धरलं.

“पूर्ण निनाद आहे, ताई! ‘न’चे चारही ठिपके आहेत. मला स्वच्छ दिसतायत.”

“दिसत असतील.”

“म्हणजे आहेत!”

ताईंनी हात पुढे केला. निनादने पान द्यायला हात पुढे करताच त्यांनी पान न घेता त्याचं मनगट धरलं.

“डोळे मीट.”

त्याने मिटले. ताईंनी टेबलाच्या खणातून एक जुनं पान काढलं आणि त्याचं बोट त्यावर ठेवलं.

“लागतंय काही?”

“हो. टोकदार आहेत.”

मग बोट उचलून नव्या पानावर ठेवलं.

“आता?”

“वरचे लागतायत. मधलेही. खालचे...”

त्याने बोट पुन्हा फिरवलं. मग दुसऱ्या हाताचं फिरवलं. मग अंगठा.

“खालचे...”

“ओळ तीन ठोक्यांत उठते,” ताई हळूच म्हणाल्या. “तिसऱ्या ठोक्याआधी दम खाऊ दिला नाही, तर या म्हाताऱ्याला धाप लागते. ‘तयार’ म्हणतो खरा, पण हातात जोर नसतो. कागदावर नुसती खूण पडते, ठिपका उठत नाही.”

निनादचे डोळे मिटलेलेच होते. उघडायची त्याला हिंमत होईना. एकतीस मुलं उद्या दहाला बाकांवर बसणार होती. पेपरवर बोटं फिरवणार होती आणि भलतंच काही वाचणार होती. वाचता येत नाही हा आपलाच दोष, असं वाटून त्यातली निम्मी गप्पही बसली असती.

“ताई...”

“बोल.”

“कपाटात... उद्याचा पेपर...”

“किती?”

“सगळेच. एकतीस.”

आता चांगली खरडपट्टी निघणार म्हणून त्याने मान खाली घातली. शाळेत, कॉलेजात, नोकरीत कधी कुणी त्याला रागावलं नव्हतं, त्यामुळे अशा वेळी तोंड कसं करायचं हेही त्याला माहीत नव्हतं.

ताईंनी आपल्या घड्याळाचं झाकण उघडून काट्यांवर बोट ठेवलं.

“अकराला पाच कमी. पेपर किती पानांचा?”

“बारा.”

“म्हणजे तीनशे बहात्तर पानं. चाळीस सेकंदांनी सव्वाचार तास धर. शाळा पाचला सुटते. बसलास काय असा? जुना ड्रायव्हर चढव!”

निनाद उडी मारून उठला. चहा लवंडला. ताईंना पुन्हा हसू आलं, आणि या खेपेला त्यालाही आलं, जरा रडवेलं.

दुपारभर यंत्र खडखडत राहिलं. दोन ठोके, विश्रांती, तिसरा. दोन ठोके, विश्रांती, तिसरा. निनाद कागद लावी, पानं फाडून जुळवी आणि प्रत्येक संचातलं एक पान डोळे मिटून बोटांनी चाचपून बघे. ब्रेल त्याला बोटांनी वाचता येत नव्हतं, पण ठिपका उठलाय की नाही एवढं बोटाला कळत होतं. तीन वाजेपर्यंत बोटाचं टोक हुळहुळायला लागलं. ताईंनी मधूनमधून एखादं पान मागून घेतलं, वाचलं आणि परत दिलं.

“हे थांबणं कोणी घातलं होतं, ताई?” त्याने मध्येच विचारलं.

“मी. सतरा वर्षं झाली.”

“मग कारण का नाही लिहून ठेवलंत? एक ओळ तरी लिहायची!”

पूर्वीचा निनाद क्षणभर परत आला होता. ताईंना तो ओळखू आला.

“तेव्हा इथे आम्ही तिघं होतो, तिघंही अंध. आम्हाला सांगायची गरजच वाटली नाही. डोळस माणूस कधी हात घालेल हे डोक्यातच आलं नाही बघ. चुकलंच माझं.”

निनादने पुढचा कागद लावला.

“आता तू लिही,” ताई म्हणाल्या.

त्याने लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं. अकरा दिवसांच्या कामातून शेवटी हीच एक ओळ ड्रायव्हरमध्ये जाणार होती. ताईंनी ती तीनदा वाचून घेतली आणि मान डोलावली.

साडेतीनला शेवटचं पान निघालं. एकतीस पाकिटं पुन्हा कपाटात गेली आणि कपाटाची किल्ली ताईंच्या पर्समध्ये. बिघडलेल्या पेपरांचा गठ्ठा निनादने स्वतः उचलून रद्दीत टाकला.

मग तो संगणकासमोर बसला. एक काम राहिलं होतं. तपासलेल्या प्रत्येक बदलापुढे निकाल नोंदवावा लागे.

“ताई, माझ्या बदलापुढे काय लिहू?” त्याने विचारलं. “नाकारला असंच ना?”

ताईंनी मांडीवरची ती सहा पानं चाचपली आणि सगळ्यात वरच्या पानावर पुन्हा एकदा बोटं टेकवली.

“नाकारला कसा म्हणू रे? मला तो अजून वाचता कुठे आलाय!”