ठिगळानं मागंच राहायचं

बार्शीत थंडी पडली की लोक कानटोपी घेतात. जीप क्लबचे अध्यक्ष ढमढेरे यांनी बर्फात चालणारे टायर घेतले. बर्फ बार्शीनं पाहिला तो रसवंतीत, पण अध्यक्षांना सांगणार कोण?

हुरड्याच्या सहलीला निघताना त्यांची नजर जनावरांच्या डॉक्टर मुक्ता बारबोलेंच्या जीपवर गेली. दगडानं चिरलेल्या टायरला तिनं आतून ठिगळ लावून घेतलं होतं, पण चीर बाहेरून दिसत होती.

"ही ठिगळाची गाडी माझ्या पुढं दिसता कामा नये!" अध्यक्ष चारचौघांत गरजले. मुक्तानं जीप मागं घेतली.

आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झाला होता. बर्फाच्या टायरांच्या बारीक खाचांत काळी माती अशी बसली की चाकांचे लाडू झाले आणि अध्यक्ष शेताच्या वाटेवरच रुतले. मुक्ताचे रुंद खाचांचे टायर मात्र माती झटकत आले.

"डॉक्टर, जरा दोर लावून ओढता का?"

"ओढते की. पण साहेब, तुमच्या पुढं कशी येऊ?"

तिनं दोर मागून बांधला, अध्यक्षांना उलटं ओढत पार डांबरी सडकेवर नेऊन सोडलं आणि हुरड्याकडं निघताना म्हणाली, "थांबा इथंच. बर्फ पडला की बोलावते."