मुराळ्याचं पागोटं

ऐका, लहानथोर मंडळी. फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राज्यात ती घडली तिथल्या राजाचं नावही आता कोणाला आठवत नाही. ते बरंच आहे म्हणा, कारण राजाचं या गोष्टीत काहीच काम नाही.

त्या राज्यात एक रीत होती. दिवाळीला सासुरवाशीण लेक माहेरी जायची, पण आपली आपण नाही. तिला न्यायला माहेरचा माणूस यायचा. त्याला मुराळी म्हणत. मुराळी आला तर लेक जाणार, नाही आला तर दारात उभी राहून रस्ता बघणार. आणि लागोपाठ तीन दिवाळ्या मुराळी आला नाही, तर तिचं माहेर सुटलं असं धरत. मग तिनं माहेरचं नाव काढायचं नाही, आणि माहेरच्यांनी तिचं.

खिंडीपलीकडच्या एका गावात साळू नावाची सून होती. तिचा मुराळी म्हणजे तिचा आजा. घरात दोन धडधाकट मुलगे असताना म्हातारा स्वतः गाडी जुंपून यायचा. खिंडीत आधी त्याचं तांबडं पागोटं दिसायचं, मग बैलांची शिंगं. साळूला गाडीत बसवलं की तो आभाळाकडे बघून हात जोडायचा आणि म्हणायचा, "देवा, लेकीबाळी घरी न्यायच्या आहेत. वाट मोकळी ठेव." साळूला वाटायचं, देव या म्हाताऱ्याला भिऊनच वाट मोकळी ठेवत असणार.

तिला घरी सोडून तो तसाच दुसऱ्या गावी जायचा आणि साळूच्या आत्याला, म्हणजे आपल्या लेकीला, घेऊन यायचा. दोघी घरात आल्या की मगच पहिली पणती लागायची. त्याआधी कोणी वात पेटवायची नाही.

एका उन्हाळ्यात आजा गेला.

पहिल्या दिवाळीला कोणी आलं नाही. साळूनं मनाची समजूत घातली. घर दुखवट्यात आहे, कोण येणार? दुसऱ्या दिवाळीला ती पहाटे न्हाऊन, नवं लुगडं नेसून दारात बसली. दिवस मावळला तेव्हा तिनं लुगडं बदललं आणि चुलीशी गेली. तिसऱ्या दिवाळीला ती बसलीसुद्धा नाही, पण हातातलं काम टाकून दर घडीला खिंडीकडे बघायची. आजा तिथून येणार नाही हे तिला कळत होतं. डोळ्यांना ते कोण सांगणार?

पाडवा उजाडला. उद्या भाऊबीज, आणि भाऊबीज उलटली की मुदत संपली.

साळूची सासू तोंडानं फटकळ होती. सकाळभर ती सुनेकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "माझंही असंच सुटलं. माझी आई गेली तेव्हा मला महिन्यानं कळलं. बाजारात, परक्या बाईकडून."

साळूनं पुन्हा खिंडीकडे बघितलं. तिचा नवरा दूरदेशी चाकरीला होता, एकटी जाऊ का म्हणून विचारायचं तरी कोणाला?

"मी आता दळायला बसते," सासू म्हणाली. "जात्याच्या घरघरीत मला काही ऐकू येत नाही. दाराची कडी वाजलेली तर मुळीच नाही."

आणि म्हातारी सणाच्या दिवशी, डबे पिठानं भरलेले असताना, दळायला बसली.

साळूनं सासूच्या पाठीला लांबूनच नमस्कार केला. बाहेर पडल्यावर तिनं आभाळाकडे बघून हात जोडले. "देवा, एक लेक घरी जायची आहे. वाट मोकळी ठेव." आजाचे शब्द आपल्या तोंडून ऐकताना तिला रडू आलं. तरी ती चालायला लागली. तीन कोस चालताना एकच प्रश्न तिच्या मनाला खात होता. माझे लोक मला विसरले का?

दारात तिला बघून आईच्या हातातला तांब्या पडला. आईनं तिच्या मागं नजर टाकली. "कोणाबरोबर आलीस गं?"

"एकटी."

आईनं तिला पोटाशी धरलं ते सोडेचना. बाप येऊन नुसताच उभा राहिला. थोरला काका मात्र डोळे पुसत म्हणाला, "आधी आत चल. आजाला नमस्कार कर."

साळू आत गेली आणि बघतच राहिली. देव्हाऱ्यात, देवांच्याही वरच्या पायरीवर, आजाचं तांबडं पागोटं ठेवलं होतं. त्याला हळदकुंकू, फुलांचा हार, पुढे समई. बाजूला नैवेद्याचं ताट, त्यात आजाला आवडणाऱ्या सगळ्या जिनसा. हे लोक काही विसरले नव्हते. त्यांना आजा कशात किती मीठ खायचा तेही आठवत होतं.

"काका," ती म्हणाली, "तीन दिवाळ्या मला न्यायला का नाही आलात?"

काकानं मान खाली घातली. "कसे येणार, पोरी? या घरचा मुराळी ते पागोटं घातल्याशिवाय कधी निघाला नाही. आणि ते तर आता देव झालं. ते डोक्याला बांधायची आमची कोणाची लायकी?"

"रोज त्याची पूजा करतो आम्ही," बाप म्हणाला. "एक दिवस चुकत नाही."

साळूला हसावं की रडावं कळेना. भक्ती खरी होती, हेच तर दुखणं होतं.

"आणि आत्या?" तिनं विचारलं.

बाप समईची वात सारखी करू लागला. आत्याचीही ही तिसरीच दिवाळी होती.

साळू देव्हाऱ्यापाशी गेली. तिनं समईला नमस्कार केला, देवांना केला, आणि पागोटं उचललं. हार बाजूला पडला. वाळलेलं कुंकू पायरीवर सांडलं.

"साळू, पाप लागेल," काका कसाबसा म्हणाला.

"लागलं तर मला लागू दे. आजाचा जीव या कापडात नव्हता, काका. लेकी दारात वाट बघतात, तिथं होता. तीन वर्षं तो तिथं एकटाच हेलपाटे घालत असेल."

पागोटं हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. मग काका खाली बसला आणि त्यानं पुतणीपुढे डोकं वाकवलं.

भाऊबीजेला उजाडायच्या आत गाडी जुंपली. साळूही हट्टानं बरोबर बसली. आत्याचं गाव आलं तेव्हा आत्या अंगणात उभी होती. रस्त्याच्या वळणावर तिला पागोटं दिसलं असावं, कारण ती धावत नव्हती, हाकही मारत नव्हती, नुसती खांबाला धरून उभी होती. काका खाली उतरला.

आत्या घरात गेली आणि एक बोचकं घेऊन बाहेर आली.

"तीन वर्षं बांधलेलं आहे," ती म्हणाली. "दरवर्षी लाडू तेवढे नवे भरते."

काकाचे डोळे वाहू लागले. "ताई, चुकलं आमचं. आम्ही बाबांना देव केलं गं."

आत्यानं हात वर करून पागोट्याची एक सैल घडी नीट खोचली, बापाची खोचायची तशी. मग भावाच्या चेहऱ्यावर हात ठेवून म्हणाली, "बाबा गेल्याचा सांगावा आला तेव्हा मी रडले. पण ते खरंच गेले हे मला दिवाळीला कळलं, वाट सुनी राहिली तेव्हा. तेव्हापासून रोज गेले ते. आज आले."

मग ती गाडीत चढली आणि साळूच्या खांद्यावर डोकं टेकून बसली. काकानं आभाळाकडे बघून हात जोडले. शब्द त्याला पाठ होते, म्हणायची वेळ मात्र आयुष्यात पहिल्यांदाच आली होती.

त्या वर्षापासून पागोटं कधी काका बांधी, कधी साळूचा बाप. घामानं आणि धुळीनं त्याचा रंग उडाला, काठ विरले. पण दोन्ही गावांत दिवाळीला दारात उभ्या राहिलेल्या लेकींना ते लांबूनच ओळखू यायचं.

तात्पर्य इतकंच: गेलेल्या माणसाची पूजा जरूर करावी, पण त्याची वाट ओस पडू देऊ नये, कारण तो भेटतो तो त्या वाटेवरच.