एक हजार नववं पान

एकदा काय झालं, एका राजाला रांगांचं वेड लागलं. जेवायला रांगा, देवळात रांगा, सगळ्या सारख्या. राजा धरून गावात माणसं एक हजार आठ. दोनाच्या करा, सातांच्या करा, रांगा जमायच्या.

मग तिथं कोंडाबाई आली. टोपल्या विणणारी म्हातारी, पाठीवर बांबूच्या काड्यांचा भारा, मागंपुढं कुणी नाही. झाली ना माणसं एक हजार नऊ! प्रधानानं दोन-दोन जणांच्या रांगा केल्या, एक उरलं. तीन-तीनांच्या केल्या, एक उरलं. सात-सातांच्या केल्या, तरी एक उरलंच. उरायची ती कोंडाबाई. प्रधान मोठा चिकट, बरं का. एकतीस-एकतीसपर्यंत गेला. त्यापुढं बघावं लागत नाही, का ते तुम्हाला शाळेत कळेल. कधी एक, कधी चार, पण काही ना काही उरायचंच.

राजा म्हणाला, "म्हातारे, तू वेशीबाहेर राहा. तुझ्यापायी रांगा मोडतात."

गेली बिचारी. कुणाचं काय वाईट केलं होतं हो तिनं?

मग पडला दुष्काळ. कोठारं रिकामी झाली. तेव्हा डोंगरावरून एक राक्षस उतरला. घाबरू नका, चांगला होता. काखेत कधी न संपणारा खिरीचा हंडा. म्हणाला, "तळ्याभोवती गोल बसा. माझ्या ढांगा लांब, पाय पडेल त्याच पानावर वाढीन, मधली पानं मला दिसत नाहीत. पहिल्या पानाशी परत आलो की मी चाललो."

पहिल्या दिवशी त्यानं सात-सात पानांची ढांग टाकली. एका फेरीतच बरोब्बर पहिल्या पानाशी आला आणि गेला. एकशे चव्वेचाळीस जणांना खीर मिळाली. वाटून वाटून ती किती पुरणार? दुसऱ्या दिवशी ढांग नवाची. मग तर एकशे बाराच पानं वाढली. पोरं भुकेनं रडायला लागली.

कोंडाबाई वेशीवरून बघत होती. तिच्यानं राहवेना. तिसऱ्या दिवशी ती राजापुढं आली.

"महाराज, टोपली विणताना आम्ही एक काडी जास्तीची घालतो. नाहीतर वीण फिरून त्याच काड्यांवर येते, मधल्या तशाच राहतात. मला गोलात बसू द्या. नाही जमलं तर वेस आहेच की."

राजा स्वतः सरकला आणि शेजारी जागा केली.

राक्षसानं आठाची ढांग टाकली. फेरी झाली, पण पाय पडला पहिल्याच्या एक पान अलीकडं. पुढच्या ढांगेत पहिलं पान ओलांडलंच गेलं. मग दुसरी फेरी, मग तिसरी. दर फेरीला नवी पानं. आठ फेऱ्या झाल्या तेव्हा कुठं तो पहिल्या पानाशी आला. एकही पान रिकामं नव्हतं, मोजून एक हजार नऊ. मग चौथ्या दिवशी त्यानं अकराची ढांग टाकली, पाचव्या दिवशी बाराची टाकली, तरी कुणी उपाशी राहिलं नाही.

राजाला फार वाईट वाटलं. हिलाच आपण बाहेर काढलं होतं.

पुढच्या दिवशी राक्षसानं विचारलं, "आज सुरुवात कुठून करू?"

राजा म्हणाला, "कोंडाबाईपासून."

म्हातारीनं डोळे पुसले आणि पान पुढं ओढलं.

मग पाऊस आला, पिकं आली, सगळी सुखानं राहिली. ती पोरं पोटभर जेवून निजली, आता तुम्हीही निजा बघू.