पाटलांची घोंगडी

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या डोंगरकुशीतल्या गावाचं नाव आता कुणालाच सांगता येत नाही. आणि सांगून करायचंय तरी काय? माणसं तुमच्या-आमच्यासारखीच होती, मायाळू आणि जरा हट्टी.

त्या गावात एक रीत होती. ज्याच्या घरात मरण येई, त्याच्यासाठी शेजारी ओसरीवर काळी घोंगडी अंथरत. दुखवट्यातल्या माणसानं तिच्यावर नुसतं बसून राहायचं. पाणी शेजारी भरणार, भाकरी शेजारी आणणार, शेतही शेजारीच बघणार. रीत चांगलीच होती हो. दुःखात बुडालेल्याला चूल कशी सुचावी? साध्या माणसाची घोंगडी तेराव्याला उचलत. पण ज्याचा मान मोठा, त्याची घोंगडी पुढंही राही, आणि लवकर उठला तर लोक म्हणत, याला दुःख झालंच नव्हतं.

त्या गावच्या पाटलांचा एकुलता एक लेक तापानं गेला. ऐन उमेदीतला पोरगा. बाप-लेक रोज उजाडताच बांधाबांधानं चालत टेकडीवरच्या वडापर्यंत जात आणि परत येत. चिखल असो, थंडी असो, त्यात कधी खंड पडला नव्हता. तो पोरगा गेला आणि पाटलांसाठी घोंगडी पडली.

तेरावा झाला, तरी ती उचलायचं कुणी नाव काढेना. पाटलांचे चुलते गावातले सगळ्यांत थोर, त्यांना सारं गाव तात्या म्हणे. तात्या म्हणाले, एवढ्या मोठ्या माणसाचं दुःख काय तेरा दिवसांत आटपतं? सगळ्यांनी माना डोलावल्या. पेरण्या झाल्या, कापण्या आल्या, पाटील आपले ओसरीवरच.

पाटलांची बायको गोजराबाई. तिलाही आत घोंगडी घातली होती, पण तिची म्हैस मोठी खट. दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हाच सोडीना. गोठा वर टेकडीच्या माथ्याला, वडाच्या पलीकडं. म्हणून गोजराबाईला रोज सकाळ-संध्याकाळ चढण चढावी लागे. बायका हळहळत, बिचारीला धड दुःखसुद्धा करता येत नाही म्हणत.

पहिल्यांदा ती चढणीवरच बसकण मारून रडली. वर म्हैस हंबरत होती म्हणून उठली, एवढंच. पण दिवस गेले तसं तिच्या ध्यानात आलं, की अर्धी चढण झाली म्हणजे छातीवरचा धोंडा थोडा सैल होतो. लेक आठवे, डोळे भरून येत, पण घरी परतल्यावर भूक लागे आणि रात्री डोळ्याला डोळा लागे. तिला याची लाजच वाटली. आपण आई, आणि आपल्याला भूक कशी लागते, असं तिला वाटे.

पाटलांची गत उलटी. आधी त्यांचं जेवण तुटलं, मग झोप, मग बोलणं. बसल्या जागी एकच विचार दळत राहायचे, की वैद्य लवकर आणला असता तर? रोज तेच दळण आणि पिठाचा पत्ता नाही. डोळ्यांदेखत नवराही हातचा जाणार, हे गोजराबाईनं ओळखलं. ती त्यांच्यापुढं जाऊन बसली.

"अहो, वडापर्यंत चला. माझ्यासाठी चला."

"त्या वाटेवर तो माझ्या पुढं चालायचा गं. आता मी कुणाकडं बघत चालू?"

"मी चालते पुढं. माझ्या पाठीकडं बघा."

पहिल्या दिवशी पाटील वेशीपर्यंत गेले आणि धापा टाकत परतले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाले. असं करत करत एक दिवस वड गाठला. तिथं ते लेकाचं नाव घेऊन मोकळे रडले, आणि घरी येऊन त्यांनी दुसरी भाकरी मागून घेतली. दुःख काही कमी झालं नव्हतं, ते पेलायला अंगात जीव आला होता. गोजराबाईनं देवापुढं दिवा लावला.

पण गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? पाटील हिंडायला लागले, म्हणजे पोराचं दुःख आटलं वाटतं, अशी कुजबुज सुरू झाली. तात्या नवी कोरी, मऊ घोंगडी घेऊन आले. माणूस वाईट नव्हता, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

"लोक नावं ठेवतात रे. बाप आहेस, बापासारखा बस."

पाटील बसले. गोजराबाई रोज बोलावी, आणि ते रोज म्हणत, आज नको, उद्या येतो. तो उद्या काही त्या ओसरीवर उजाडला नाही. चार पावलांत जे कमावलं होतं ते बसून गेलं, आणि मनातलं जातं पुन्हा फिरायला लागलं.

थंडीतल्या एका सकाळी ती निघाली, तेव्हा मागून हाक आली, "गोजरा, थांब. मी येतो."

पाटील खांबाला धरून उठले. कसेबसे पायरीपर्यंत आले आणि तिथंच खाली बसले. तिनं हात धरला, उठवायला बघितलं. पायांत काही उरलंच नव्हतं.

"तू हो पुढं," ते म्हणाले. "इथनं तुझी पाठ दिसते."

ती दर वळणावर मागं बघत चढली. दूध घेऊन खाली आली, तेव्हा पाटील खांबाला टेकून चढणीकडंच बघत होते. जीव मात्र गेलेला होता.

आता गोजराबाईची घोंगडी पडली. तेरावा झाला. चौदाव्या दिवशी उजाडताच तात्या आले आणि म्हणाले, सूनबाई, तुझं दुःख तर दुप्पट, तू वर्षभर बस, म्हैस खट असली तरी तिचं आम्ही बघू. ती उठली. घोंगडीची घडी केली आणि तात्यांच्या हातात दिली.

"मायेनंच बसवलंत त्यांना, तात्या. मायेनंच गेले ते. मला उठू द्या."

तात्यांनी घोंगडी खाली ठेवली, कोपऱ्यातली पाटलांची काठी घेतली आणि तिच्या मागोमाग टेकडी चढायला लागले. वडाखाली दोघंही पुष्कळ रडली. मग गोजराबाईला भूक लागली, आणि या वेळी तिला तिची लाज वाटली नाही.

पुढं त्या गावानं रीत बदलली. चौदाव्या दिवशी शेजारी घोंगडी उचलतो आणि काठी घेऊन, सोबत चालायला अंगणात उभा राहतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो, तिसऱ्या दिवशीही येतो, कारण आजची भाकरी उद्याच्या पोटाला पुरत नाही. पाटील मात्र परत आले नाहीत, आणि त्या घराच्या पायरीवरून जाताना तात्यांची मान मरेपर्यंत खालीच राहिली.

म्हणून पोराबाळांनो, थोरामोठ्यांनो, ध्यानात ठेवा: दुःखाला घरात जागा द्यावी, पण अंगाला रोज उठवावं, अंग बसून राहिलं की मनही फार दिवस उभं राहत नाही.