शेपटीवर बसलेला धोबी पक्षी

फार पूर्वी रानात वादळाने पडलेली घरटी लिलावात निघत. शेपटी हलली की बोली एका दाण्याने चढे. नदीपलीकडचे गिऱ्हाईक पोपटाकरवी बोली पाठवी. सुतारपक्ष्याचा तिसरा ठोका पडला की सौदा पक्का.

एकदा म्हाताऱ्या सुगरणीचंच घरटं निघालं. तिची पिल्लं त्यातच वाढलेली. जवळचे नऊच्या नऊ दाणे तिने बोलीत लावले. पलीकडचा पोपट गप्प झाला. आता भीती होती ती धोबी पक्ष्याची. त्याची शेपटी जन्मात थांबली नव्हती.

“बाळा, एवढा दम धर,” सुगरण म्हणाली.

“आजी, ती माझं कुठं ऐकते?”

पहिला ठोका पडला, तसा तो शेपटीवरच बसला. दुसऱ्याला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिसरा पडला आणि शेपटी अशी सुटली, की सुगरणीच्या घरट्यावरची सगळी धूळ झडली.