मेघ बोकडाखालची कोरडी जमीन

“माझं कुणी खरं मानलं नाही,” असं कुंभी म्हणायची, आणि ते खरंच होतं. तिनं पाच जणांना सांगितलं, पाचही जण हसले. त्या पाचांत बोधिसत्त्वही होता, हे आधीच सांगून टाकते. बोधिसत्त्व म्हणून त्याला झाकून ठेवायचं काही कारण नाही.

फार पूर्वी वेळुवती नगरीत अरिंदम राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता. त्या जन्मी त्याचं नाव सुभोग. राजाच्या म्हाताऱ्या आईचे गुडघे गेले होते. पालखीत तिला भोवळ यायची आणि घोड्याची भीती वाटायची. म्हणून सुभोगानं तिच्यासाठी एक बुटकी गाडी करवून घेतली आणि ती ओढायला बारा बोकड ठेवले. सगळे लहानपणीच खच्ची केलेले. त्यांना वास नाही, माज नाही, झुंजी नाहीत. सकाळच्या उन्हात ती गाडी आमराईतून इतकी हळू जायची की मोहोराचे कण राजमातेच्या केसांवर पडून राहायचे. घुंगरांच्या आवाजानं तिला अर्धी झोप लागायची. त्या झोपेत ती दहा वर्षांची असायची आणि अनवाणी चालत असायची.

एवढं सुख देणाऱ्या जनावरांना नुसता पाला काय घालायचा, असं सुभोगाला वाटलं. त्यानं हुकूम दिला, तिन्ही वेळा भिजवलेले जव, वर गूळ. बोकड तुकतुकीत झाले. लोक बघायला येऊ लागले, अमात्याची वाहवा करू लागले. सुभोगाला ते आवडायचं.

मग बोकड मरू लागले. एखादा पाठीची कमान करून उभा राहायचा, दात खायचा, शेपटी हलवत कुंथायचा, आणि दोन-तीन दिवसांत आडवा व्हायचा. वैद्य म्हणाला, कोठा बांधला गेलाय. एरंडेल पाजलं. तरी आठ मेले.

कुंभी त्या गोठ्याची झाडलोट करायची. तिनं वैद्याला दारातच अडवलं.

“अहो, लेंड्या मी रोज टोपलीभर उचलते. कोठा कसला बांधला जातोय? खालची जमीन बघा, कोरडी ठाक. बोकड मुततच नाहीत!”

“आता तू मला वैद्यकी शिकवणार?”

“शिका की. कुणीतरी शिकवायला हवंच होतं.”

वैद्य हसून निघून गेला. गोठ्यातल्या आणखी तिघांनीही तिला हसण्यावारी नेलं. मग ती सुभोगाकडे गेली. “धनी, जव बंद करा. खच्ची केलेल्याची मुताची नळी सुतासारखी बारीक राहते. नुसतं धान्य चारलं की पोटात रेव धरते आणि तिथं अडकते. माझ्या बापानं साठ बोकड सांभाळले, गवतावर आणि झाडपाल्यावर. असा एक मेला नाही.”

सुभोग हसला. वाईट हसला नाही, मोठी माणसं हसतात तसं मायेनं हसला. “अगं कुंभी, तुझ्या बापाकडे जव तरी होते का?”

ते हसू तिला शिवीपेक्षा जास्त लागलं.

उरलेल्या चौघांत मेघ नावाचा करडा बोकड गाडीच्या पुढच्या जोडीतला. तोही कमान करून उभा राहू लागला, तेव्हा कुंभी त्याच्या गव्हाणीतले जव ओच्यात भरून बाहेर फेकू लागली. दुसऱ्याच दिवशी पहारेकऱ्यानं तिला धरलं. वैद्य ओरडला, “सापडली! हीच त्यांना काहीतरी घालत होती!” राजानं ठरवलं, सांज व्हायच्या आत तिला नदीपल्याडच्या अरण्यात सोडून द्यायचं. तिथून कुणी परत आलेलं नव्हतं.

त्या दुपारी सुभोग गोठ्यात गेला. छपराच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या खाली आल्या होत्या आणि त्यांत धूळ तरंगत होती. तीन बोकड डोळे मिटून रवंथ करत होते, जणू सगळं जगच कुणीतरी सावकाश चघळत होतं. मेघ मात्र उभा होता. सुभोगानं त्याच्या पोटाखाली हात फिरवला. मेघ माणसासारखा विव्हळला. हात बाहेर आला तर तळव्याला पांढरी, खरखरीत रेव चिकटलेली. पोटाखालच्या केसांना ती मिठासारखी लागली होती. त्यानं खाली पाहिलं. जमीन कोरडी होती.

तो तिथंच बसला. उन्हाच्या त्या गुंगीत त्याला वाटलं, मेलेले आठही बोकड आत आले आणि त्याच्याभोवती उभे राहिले. रागावले नव्हते. नुसते तहानलेले होते.

हात उत्तरीयाला पुसला असता तर मिटलं असतं. कुणी पाहिलं नव्हतं. बाई अरण्यात गेली असती, अमात्य अमात्यच राहिला असता.

सुभोगानं मूठ मिटली आणि तशीच राजसभेत नेली.

“महाराज, हिला सोडा. हिनं विष घातलं नाही, औषध केलं.” त्यानं मूठ उघडून दाखवली. “ही रेव माझ्या जवांची आहे.”

“मग माझ्या आईचे बोकड मारले कुणी?” राजानं विचारलं.

“मी. मायेनं मारले, पण मीच मारले. ही मला सांगत होती आणि मी हसलो.”

राजमाता म्हणाली, “सुभोगा, आठ जीव घेतलेस, आणि वर वाहवाही घेतलीस?”

“घेतली, माते.”

“पुरे झालं!” कुंभी मधेच म्हणाली. “रडायचं नंतर बघू. मेघ अजून जिवंत आहे. माझे हात सोडा आणि पाणी आणा.”

तिनं गव्हाणी धुऊन घेतल्या. वाळलं गवत घातलं, बोरीचा आणि शेवरीचा पाला टांगला. तहान लागावी म्हणून मिठाचा खडा चाटायला ठेवला आणि पाणी दिवसातून तीनदा बदललं. पाण्याची कावड सुभोगानं स्वतःच्या खांद्यावर वाहिली. दोन दिवस मूत थेंब थेंबच. जव आधीच काढून घेतले होते म्हणून मेघाची वाट पुरती बुजली नव्हती, एवढाच आधार. तिसऱ्या सकाळी राजमाता गोठ्याशेजारी डुलक्या घेत बसली होती. झोपेत तिला ओढा वाहिल्याचा आवाज आला. तिनं डोळे उघडले आणि सगळा राजवाडा जागेवर थांबेल अशी ओरडली, “मुतला गं बाई, मुतला!”

गोठा कुंभीच्या ताब्यात आला. सुभोगानं अमात्याची मुद्रा काढून ठेवली आणि तिच्या हाताखाली चारा कापू लागला. “एवढ्या जाड काड्या? तुम्ही खाऊन दाखवा,” असं ती त्याला ऐकवायची, आणि तो पुन्हा कापायचा.

ही गोष्ट भिक्षूंना सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, “तेव्हाची राजमाता म्हणजे आज विहारात दिवा लावणारी उपासिका नंदवती. अरिंदम राजा म्हणजे तिचा मुलगा. कुंभी म्हणजे संघात कुणाचीही भीड न ठेवणारी आपली भिक्षुणी सुमुखी. आणि अमात्य मी होतो.”

एका भिक्षूनं विचारलं, “भगवन्, मग त्या आठ बोकडांचा दोष कुणाचा? त्या वैद्याचाच ना?”

“नाही,” शास्ता म्हणाले. “त्या दिवशी सभेत जे घडलं ती सत्य पारमिता, सत्याची परिपूर्ण साधना. पण खरं बोलल्यानं मेलेले उठत नाहीत. दोष ज्याचा होता त्याचाच राहिला. त्याचं नाव सुभोग.”