गोदू बेडकीची गळालेली शेपटी

या माउली, जरा पुढं सरकून बसा. टाळ मांडीवर ठेवा. बुक्का लावून झालाय, पण बुवांचं पान अजून संपलेलं नाही. तेवढ्यात एक गोष्ट सांगतो. खोटी वाटली तर प्रसादातला माझा पेढा तुमचा.

करंजबन नावाचं एक जंगल होतं. तिथं वाघ राजा होता. त्याला दात उरले नव्हते, म्हणून त्यानं विद्यापीठ काढलं. आवारात कधी न आटणारी विहीर होती. कुलसचिव म्हणून कासवराव नेमले, कारण ते कुठं पळून जाणार नव्हते.

कासवरावांनी प्रवेशाचे नियम केले. नव्या विद्यार्थ्यानं राजाची आरती म्हणून दाखवायची. दुसऱ्या शाळेतून मध्येच येणाऱ्यानं जुना दाखला आणायचा, आणि दाखल्यात वर्णन असेल तसंच हुबेहूब दिसायचं.

डबक्याच्या शाळेतून गोदू बेडकी आली. गळा असा, की ती गायला लागली की डासही टाळ धरायचे. पण चैत्र लागला होता, डबकं आटत चाललं होतं. गायनाच्या वर्गात जागा मिळाली तरच विहिरीचं पाणी. नाहीतर पोरीचं सुकट होणार होतं.

कासवरावांनी दाखला वाचला. "पाय नाहीत. शेपटी एक." मग चष्म्यावरून पाहिलं. "शेपटी कुठाय?"

"गळाली, काका."

"हरवली? चौकीवर तक्रार दिलीस?"

"हरवली नाही हो. मी मोठी झाले. पाय फुटले."

"कुणाला विचारून?"

गोदूनं नवे पाय पुढं करून दाखवले.

"माझ्या डोळ्यांसमोर तीन राजे झाले," कासवराव म्हणाले. "माझ्यात तसूभर फरक पडला नाही. तुलाच एवढी कसली घाई होती?"

कासवराव मनानं वाईट नव्हते हो. पण जो अंड्यातून निघाला तोच कासव होऊन, त्याला दुसरे वाढतात हे कळावं कसं?

गोदूनं वडाची पारंबी मागं बांधली आणि पुन्हा आली. कासवरावांनी पारंबी ओढून पाहिली. "शेपटी चालेल. आता पाय काढून ये."

मग नियम सगळ्यांनाच लागला. फुलपाखराला सांगितलं, सुरवंट होऊन या. मोराला पिसारा जमा करायला लावला. गेल्या वर्षी आरती म्हणून आत आलेली पोरंही वाढली होती, म्हणून त्यांची नावं कमी झाली. शेवटी नदीच्या शाळेतून आलेले गोटे तेवढे पात्र ठरले. दाखल्यात गोल, अंगानं गोल. हजेरी पूर्ण.

राजा भाषणाला उभा राहिला. "बंधूंनो आणि भगिनींनो! आमच्या विद्यापीठात कॉपी नाही! मोर्चा नाही! प्रश्न विचारणं तर नाहीच नाही!"

माकडांनी घोषणा दिली, "जो वाढला, तो काढला!"

त्याच सभेत नवे कुलपती जाहीर झाले, सरडेराव. कालपर्यंत ते पलीकडच्या रानात अस्वलांच्या व्यासपीठावर काळे होऊन बसत आणि राजाला बोळकं म्हणत. आज अंगावर पिवळे पट्टे ओढून आले होते. राजानं त्यांना हार घातला. हार कोणत्या रंगाचा आहे ते पाहून सरडेराव तसे झाले.

कुंपणाच्या भिंतीवरून गोदूनं विचारलं, "काका, यांचा रंग दाखल्यातलाच आहे का?"

गोट्यांनीसुद्धा श्वास रोखला.

"पोरी," कासवराव मायेनं म्हणाले, "पात्रता विद्यार्थ्याला लागते. कुलपतीला नुसती नेमणूक लागते."

माकडांनी गोदूला उचललं आणि रानाबाहेर भिरकावलं. पण माकडांचा नेम तो! पडली थेट विहिरीत.

देव असा असतो बघा. चहूकडं पाणी! गोदूनं जो सूर लावला, तो आख्ख्या करंजबनात घुमला. दुसऱ्या दिवशी विहिरीवर पाटी लागली : 'गायन विभाग. प्रमुख, सरडेराव.' गोदूचं नाव हजेरीपटावर आजही नाही.

तेव्हापासून कोत्या बुद्धीच्या माणसाला आपण विहिरीतला बेडूक म्हणतो. तिला तिथं टाकणाऱ्यांना काय म्हणावं, हे ठरवायला एक समिती नेमली आहे. अध्यक्ष कासवराव आहेत. तेव्हा माउली, अहवाल येईपर्यंत तेवढं आमच्या गोदूला विसरू नका.